आधी भिंत, मग चित्र

दोस्तांनो, मागच्या आठवड्यात आपण कागदाच्या लगद्याचे मुखवटे केले. बऱ्याच जणांचे मुखवटे वाळताना नाकाशी चिरले असणार. काही हरकत नाही, पहिल्या खेपेला चिरतातच! आज त्याहून मोठं काम घेऊ या. इतकं मोठं की ते टेबलावर मावणार नाही, कपाटातही मावणार नाही. आज आपण भिंतीवर चित्र काढायचं.

"भिंतीवर रेघोट्या मारू नकोस!" हे ऐकत ऐकतच आपण सगळे मोठे होतो. वर्गात मीसुद्धा दिवसातून चारदा हेच म्हणते. पण भिंतीवर रेघोट्या मारणं वेगळं आणि भिंतीवर चित्र काढणं वेगळं. फरक कुठला? मला विचाराल तर फरक चित्रात नाहीच, फरक भिंतीत आहे. हे मला कसं कळलं त्याची एक गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीत चूक माझी आहे. ती आधी सांगते.

माझी शाळा पालघर जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी. (तुमच्या आईबाबांच्या भूगोलाच्या पुस्तकात हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला.) शाळा चौथीपर्यंतच. चौथी झाली की मुलं शेजारच्या गावी पाचवीत जातात. आमच्या व्हरांड्यात एक लांबलचक भिंत आहे, वर्षानुवर्षं चुन्याचे हात बसलेली. एका वर्षी मला वाटलं, या भिंतीवर मुलांकडून वारली चित्र काढून घ्यावं. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते. बाक रंगवून उरलेला तेलरंग कपाटात पडून होता. मी म्हटलं, चला! लागलो कामाला. चार दिवसांत भिंत भरली. चौथीतल्या एका मुलीनं उजव्या कोपऱ्यात स्वतःचं घर काढलं. दारात भात कांडणारी आजी, छपरावर कोंबडा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

पुढच्या जुलैत भिंतीवर फुगे आले. ऑगस्टमध्ये पोपडे पडायला लागले. रोज सकाळी झाडू मारताना कुणाचा ना कुणाचा हात, पाय, बैल सुपलीत यायचा. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी ती मुलगी धाकट्या भावाचा हात धरून आली. ती आता पाचवीत, दुसऱ्या शाळेत. भावाला आपलं घर दाखवायला तिनं मुद्दाम आणलं होतं. कोपऱ्यात गेली, उभी राहिली आणि मला म्हणाली,

"बाई, माझं घर पडलं."

मी काय बोलणार? "पाऊस फार झाला ना गं यंदा," असं काहीतरी पुटपुटले. तिनं खाली पडलेला एक पोपडा उचलला, उलटा केला, बोटानं घासला.

"बाई, मागून पांढरं आहे."

तो पोपडा तिनं कंपासपेटीत ठेवला आणि ती घरी गेली. मी मात्र दुसरा पोपडा उचलून बराच वेळ बघत बसले. खरंच, मागून पांढरा होता. म्हणजे रंगानं चुन्याला सोडलंच नव्हतं! चुन्यानं भिंतीला सोडलं होतं. गावात त्या वेळी एक गवंडी काम करत होते, त्यांना बोलावून आणलं. त्यांनी भिंतीवरून नुसता तळहात फिरवला आणि मला दाखवला. पांढराफेक. म्हणाले, "बाई, ही भुकटी आहे. भुकटीवर काय बसणार? आणि भिंत अजून ओली आहे. आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं. वर तुम्ही तेलरंगाचं झाकण लावलंत. मग ते झाकण उडवूनच येतं."

पाऊस नेहमीसारखाच होता. घाई माझी होती. आणि माझ्या घाईची शिक्षा एका मुलीच्या घराला झाली.

म्हणून दोस्तांनो, आजच्या पाठाचं पहिलं वाक्य वहीत लिहून घ्या: आधी भिंत, मग चित्र. हे काही मी शोधून काढलेलं नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं तुम्ही पुस्तकात पाहिली असतील. ती थेट खडकावर काढलेली नाहीत. खडकावर आधी मातीचा लेप दिला, त्या मातीत भाताची तुसं आणि झाडापाल्याचे तंतू कालवले, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग चित्र काढलं. वारली घराचंही तसंच. कारवीच्या किंवा बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर माती आणि शेण, त्यावर गेरू. भिंत अशी तयार झाली की मगच तांदळाचं पीठ कालवायचं.

भिंतीची परीक्षा

आमची परीक्षा आम्ही घेतो, तशी भिंतीची परीक्षा तुम्ही घ्यायची. तीन पेपर आहेत.

पहिला पेपर, हाताचा. कोरड्या तळहातानं भिंत घासा. हाताला पांढरं लागलं तर भिंत नापास. तो चुना किंवा जुना रंग खरवडून काढावाच लागेल.

दुसरा पेपर, चिकटपट्टीचा. चिकटपट्टीचा वीतभर तुकडा भिंतीवर घट्ट दाबा आणि झटकन ओढा. पट्टीला रंगाचे कपचे आले तर भिंत नापास.

तिसरा पेपर, प्लॅस्टिकचा. हा सगळ्यात मजेचा. फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद घ्या आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर बंद करा, कुठूनही हवा जाता कामा नये. एक दिवस आणि एक रात्र तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा वाफ दिसली, तर भिंतीच्या पोटात अजून पाणी आहे. मग थांबायचं. कोकणपट्टीत पाऊस गेल्यावर निदान दोन महिने तरी भिंतीला वाळायला द्या. जानेवारी ते एप्रिल हे दिवस उत्तम. नव्या गिलाव्याची भिंत असेल तर ती किमान महिनाभर वाळू द्यावी, जास्त मिळाले तर बरंच.

छपरातून किंवा नळातून पाणी झिरपत असेल तर आधी ते बंद करा. गळक्या भिंतीवर कितीही महागडा रंग लावा, तो पडणार.

साहित्य

आमची जागा १२ फूट लांब आणि ५ फूट उंच होती, म्हणजे ६० चौरस फूट. तेवढ्यासाठी लागलेलं साहित्य सांगते. तुमची जागा लहान असेल तर त्या मानानं कमी घ्या.

रंगाऱ्याची लोखंडी पट्टी, खरवडायला. काचकागद, एक जाड आणि एक बारीक. थोडी पुट्टी. पाण्यात मिसळणारा प्रायमर. गेरूच्या रंगाचा, बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग १ लिटर (दोन हातांना जेमतेम पुरला). पांढरा इमल्शन रंग पाव लिटर (थोडा उरला). दोन इंची चपटे ब्रश दोन, आणि २, ४, ६ नंबरचे गोल ब्रश. एक लांब सुतळी, खडूची पूड, पारदर्शक नळी, फूटपट्टी, जुन्या वाट्या, जुनी फडकी, पाण्याची बादली. खाली अंथरायला जुनी वर्तमानपत्रं.

"बाई, खरा गेरू आणि तांदळाचं पीठ का नाही?" असा प्रश्न आमच्या वर्गातही आला. चांगला प्रश्न आहे. घरातल्या मातीच्या भिंतीवर, पावसापासून आडोशाला ते छान राहतं, आणि जुनं झालं की पुन्हा सारवून नवं काढता येतं. तिथे चित्र टिकलंच पाहिजे असा हट्ट नसतो. आमचा व्हरांडा मात्र सिमेंटचा आणि पावसाच्या झडीतला. तिथे पीठ एका पावसात धुऊन जाईल. तुमच्याकडे मातीची भिंत असेल, तर जरूर पीठ वापरा. त्यात थोडा डिंक घाला.

कृती

पहिला दिवस खरवडण्याचा. हे काम मोठ्यांचं, मुलांचं नव्हे. जुन्या तेलरंगांत शिसं असू शकतं, आणि शिशाची धूळ लहान मुलांना फार वाईट. (आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीची भिंत असेल तर सावध राहावं.) म्हणून आधी भिंत पाण्यानं ओली करावी, नाकातोंडाला फडकं बांधावं, ओल्यानंच खरवडावं, पडलेलं सगळं गोळा करून पिशवीत बांधावं. आमच्या भिंतीचं खरवडकाम मी, आमचे मुख्याध्यापक आणि दोन पालक अशा चौघांनी केलं. एक अख्खा रविवार गेला. पोपड्यांच्या दोन गोणी निघाल्या!

मग भिंत धुऊन दोन दिवस वाळू द्यायची. खड्डे पुट्टीनं भरायचे. पुट्टी वाळली की बारीक काचकागदानं हलक्या हातानं घासायची, ओल्या फडक्यानं पुसायची. मग प्रायमरचा एक हात, एक रात्र विश्रांती. मग गेरूचा एक हात, पुन्हा एक रात्र, आणि गेरूचा दुसरा हात. पहिला हात आडवा दिला असेल तर दुसरा उभा द्या, म्हणजे मधे जागा राहत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट: गेरूचा रंग एका बाटलीत थोडा राखून ठेवा आणि बाटलीवर "औषध" अशी चिठ्ठी लावा. कशाचं औषध ते पुढे सांगते.

सरळ रेघ कशी मारायची?

बारा फुटांची रेघ फूटपट्टीनं मारायला जाल तर ती हमखास उतरती होते. गवंड्यांची युक्ती वापरा. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एका मुलानं नळीचं एक टोक भिंतीच्या या कडेला धरायचं, दुसऱ्यानं दुसरं टोक त्या कडेला. पाणी हलायचं थांबलं की दोन्ही टोकांना पाण्याची पातळी अगदी एकाच उंचीवर असते. तिथे खुणा करा. विज्ञानाचा धडा भिंतीवरच झाला की नाही?

आता सुतळी खडूच्या पुडीत घोळवा. दोघांनी दोन खुणांवर ताणून धरायची, तिसऱ्यानं मधे चिमटीत धरून ओढायची आणि सोडून द्यायची. फट्! भिंतीवर सरळसोट पांढरी रेघ. याला गवंडी "सूत मारणं" म्हणतात. आमच्या मुलांना हा खेळ इतका आवडला, की नको तिथेही दोन-तीन सुतं मारून झाली. उभ्या रेघेसाठी सुतळीच्या टोकाला दगड बांधून लोंबता सोडा. तो झाला तुमचा ओळंबा.

लहान कागद, मोठी भिंत

चित्र आधी कागदावर काढायचं. २४ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर उंच असा चौकोन आखा. कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे भिंतीवरचा १ फूट. कागदावर २ सेंटिमीटरचे चौकोन पाडले की आडवे १२, उभे ५, एकूण ६० चौकोन होतात. भिंतीवरही सुतानं फूटफूटभराचे ६० चौकोन पाडायचे. मग कागदावरच्या प्रत्येक चौकोनात जे असेल, तेवढंच भिंतीवरच्या त्याच चौकोनात काढायचं. अख्ख्या भिंतीकडे पाहून छाती दडपते. फूटभराच्या चौकोनाला कोण भितो?

आमच्या तिसरी-चौथीत मिळून २९ मुलं. प्रत्येकाला दोन चौकोन, म्हणजे ५८. उरलेले दोन मी स्वतःसाठी ठेवले.

काय काढायचं?

इथे माझी दुसरी चूक सांगते. पहिल्या खेपेला मी एका कॅलेंडरवर पाहून भिंतीच्या मधोमध नक्षीदार मोठा चौकोन काढला होता. दिसायला छान, म्हणून. दुसऱ्या खेपेला कागदावर मी पुन्हा तोच काढत होते. शाळेत दुपारची खिचडी शिजवणाऱ्या ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. या वेळी मी विचारलं, "ताई, बरा आला ना चौक?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "बाई, चौक लग्नात काढतात. शाळेत कुणाचं लगीन आहे?"

सगळी मुलं खो खो हसली. मग ताईंनी सांगितलं ते आम्ही खाली बसून ऐकलं. वारल्यांच्या लग्नात घरातल्या भिंतीवर सवाशिणी चौक काढतात. त्या चौकात पालघट देवी असते. धवलेरी लग्नाची गाणी गाते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे जी मला नक्षी वाटली, ती त्यांची देवाची जागा होती. "मागच्या वेळी का नाही बोललात?" मी विचारलं. "तुम्ही विचारलंत कुठे?" त्या म्हणाल्या. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग चौक आम्ही सोडून दिला. मधोमध तारपा नाच घेतला. तो सगळ्या गावाचा. तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांचं लांब वाद्य. वाजवणारा मधे, आणि एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची माळ त्याच्याभोवती, शंखासारखी वळत गेलेली. भोवती भाताची लावणी, विहीर, ताडाची झाडं, मासे धरणारी मुलं, आणि हो, आमची शाळाही.

या चित्रांना जगभर पोचवणाऱ्यांत डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. हे काम मुळात बायकांचं, लग्नापुरतं. १९७०च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर उतरली, तेव्हा म्हसे रोज चित्र काढू लागले, मनात येईल ते: मुंग्यांची रांग, माशांचं जाळं, आगगाडीसुद्धा. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. आगगाडी त्यांनी काढली, तर तुम्ही तुमच्या गावची एस.टी. का काढू नये?

माणूस काढू या

आधी पाटीवर सराव करा. एक त्रिकोण उलटा, त्याच्या टोकाखाली दुसरा सुलटा. दोघांची टोकं एकमेकांना चिकटलेली. वर गोल डोकं, बारीक रेघांचे हातपाय. बाई असेल तर डोक्यामागे अंबाड्याचा छोटा गोल. आता खरी गंमत: दोन्ही त्रिकोण सरळ ठेवले तर माणूस उभा राहतो. वरचा त्रिकोण पुढे झुकवला तर तो लावणी करतो. मागे कलवला तर बैलाचा कासरा ओढतो. फक्त कमरेत वळण, बाकी काही नाही. वीस माणसं वीस वेगवेगळ्या कामांत काढून बघा. चित्रकला "येत नाही" म्हणणारी मुलंही अर्ध्या तासात माणसं काढू लागतात. मी पाहिलंय.

भिंतीवर खडूनं फिकट आखून घ्या. मग पांढरा रंग. तो ताकासारखा पातळ नको, दह्यासारखा घट्ट नको, पातळ बासुंदीसारखा असावा. ब्रशचं फक्त टोक बुडवा आणि वाटीच्या काठावर निपटून घ्या, म्हणजे ओघळ येत नाहीत. वरून खाली काम करा. उजव्या हातानं काढणाऱ्यांनी डावीकडून सुरुवात करा, नाहीतर आपलाच हात ओल्या रंगाला पुसतो. ठिपके द्यायला बांबूची काडी छान. तिचं टोक दगडानं ठेचून मऊ करा. दातानं चावू नका, आपला रंग पिठाचा नाही!

चूक झाली तर? लगेच पुसायला जाऊ नका, पांढरा ढग पसरतो. वाळू द्या. मग ती "औषध" लिहिलेली बाटली उघडा आणि चुकीवर गेरूचा हात मारा. वाळल्यावर पुन्हा काढा. कुणाला कळणारसुद्धा नाही.

एक चूक मात्र आम्ही पुसली नाही. नाचणाऱ्यांची माळ दोन चौकोनांच्या सीमेवर तुटली. एकानं आपला नाचणारा अलीकडे काढला, दुसऱ्यानं पलीकडे. दोघांच्या हातांत चार बोटांचं अंतर. "तुझी चूक", "तुझीच चूक" असं जोरात सुरू झालं. तेवढ्यात तिसरीतली एक चिमुरडी म्हणाली, "मधे एक बाळ काढा ना." मग दोन मोठ्या माणसांच्या मधे, दोघांचे हात धरून एक छोटं मूल नाचायला लागलं. आता पाहणारे सगळे आधी त्या बाळाकडेच बोट दाखवतात.

सगळ्यात वरच्या ओळीसाठी बाकावर चढावं लागतं. बाक हलणारा नको, एका मोठ्या माणसानं जवळ उभं राहायचं, आणि एका बाकावर एकच मूल.

राहिलेले दोन चौकोन

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी आली. मीच निरोप धाडला होता. येताना तिनं भावालाही आणलं. मुलं आपापल्या चौकोनांत गुंग. ती भिंतीच्या कडेनं चालत गेली आणि मला हळूच म्हणाली, "बाई, सगळ्या जागा वाटून झाल्यात."

मी म्हटलं, "दोन आहेत. उजव्या कोपऱ्यात."

ते माझे दोन चौकोन होते. तिनं कंपासपेटी उघडली, तो जुना पोपडा काढून खिडकीत ठेवला, त्यावर कोंबड्याचा पाय तेवढा उरला होता. त्याकडे बघत तिनं कोंबडा काढला. मग छप्पर, मग भात कांडणारी आजी. या वेळी दारात एक छोटा मुलगाही उभा आहे. तो तिथे का आहे, हे तिच्या भावाला कुणी सांगावं लागलं नाही.

आणि मी काय काढलं? काही नाही. मी ब्रश धुतले. तेही काम कुणीतरी करायला हवंच. ब्रशला रंग वाळला की ब्रश गेला.

घरी करायचं तर

एकदम मोठी भिंत घेऊ नका. पाण्याच्या माठामागची, दाराशेजारची, ३ फूट लांब आणि २ फूट उंच जागा पुष्कळ झाली. घर भाड्याचं असेल तर मालकांना विचारा. नाही म्हणाले तर प्लायवुडच्या तुकड्यावर काढून भिंतीला टेकवा. वारली चित्रच काढलं पाहिजे असंही नाही. तुमच्याकडे मिठागर असेल, ऊसाचं गुऱ्हाळ असेल, बाजारचा दिवस असेल, चाळीचा जिना असेल, तर तेच काढा. चौकोनांची रीत माझ्याकडून घ्या, गोष्ट तुमची घाला. आणि दुसऱ्यांच्या देवघरातली एखादी खूण आवडली, तर काढण्याआधी त्यांना विचारा.

आईबाबांना एक विनंती. चित्र सुबक यावं म्हणून मुलाच्या हातातला ब्रश घेऊ नका. तुम्ही भिंत घ्या. खरवडणं, पुट्टी भरणं, प्रायमर लावणं ही तुमची कामं. त्यात कसूर झाली तर मुलानं कितीही जीव ओतून काढलेलं चित्र पावसाळ्यात सुपलीत येतं, आणि त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

आमच्या भिंतीनं आता दोन पावसाळे पाहिलेत. चित्र शाबूत आहे. फक्त खाली डावीकडे, पागोळ्यांचं पाणी उडतं तिथे, वीतभर जागेत रंग फुगलाय. विहिरीवरच्या बाईची घागर धोक्यात आहे. येत्या रविवारी पागोळ्यांखाली पन्हळ लावायचा आहे, आणि भिंत वाळली की ती वीतभर जागा खरवडायची आहे. औषधाची बाटली अजून अर्धी शिल्लक आहे.

तुमच्या भिंतीचं काय झालं ते पत्रानं कळवा. तिन्ही पेपरांत ती पास झाली की नाही, हे आधी लिहा. चित्राचं त्याखाली!